दीडशे लिटरचं घर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर 'पाणी आणि आपण' या विषयावर दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



विषय देताना सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही नऊ वर्षं खजिनदार होतात, टँकरची बिलं तुम्हीच पास केलीत. पाण्यावर तुमच्याइतकं कोण बोलणार?" मी हो म्हटलं. पण टँकरबद्दल मी आज फार बोलणार नाही. टँकर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, बिलावरून माझ्याशी भांडलाही आहात. मी बोलणार आहे एका घराबद्दल, ज्याची टाकी दीडशे लिटरची आहे. त्या घराला भाडं नाही, हप्ता नाही, सातबारा नाही आणि पत्ताही नाही. माझा मुलगा त्या घरात राहतो. ही गोष्ट मी सहा वर्षं या सोसायटीपासून लपवून ठेवली होती.

आता जरा शांतता पसरली, म्हणजे सगळे ऐकतायत असं धरतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, २००० साली संस्था रजिस्टर झाली तेव्हा इथल्या अर्ध्या-अधिक लोकांच्या गृहकर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या होत्या. व्याजदर दोन आकडी होता. कोणाची सॅलरी स्लिप कमी पडली, कोणाचा जामीनदार ऐन वेळी फिरला, ते सगळं मला पाठ होतं. घर नसलेला माणूस म्हणजे फाईल अपुरी असलेला माणूस, अशी माझी नोकरीतली समजूत. ती नुसती नोकरीतून आलेली नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठेत आम्ही वाड्यात भाडेकरू होतो. पाणी ओसरल्यावर आमच्या दोन खोल्यांत चिखल आणि आजीचा तांब्याचा बंब एवढंच राहिलं होतं. काही आठवडे आम्ही एका शाळेच्या वर्गात काढले. फुकट राहिलो, भाडं कोणी मागितलं नाही. पण वडील रोज संध्याकाळी बाकावर बसून एकच वाक्य म्हणायचे, "आपलं असं छप्पर पाहिजे." ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की पुढे चाळीस वर्षं मी तेच लोकांना व्याजाने विकलं.

मुलगा २००० साली अमेरिकेला गेला. सॅन होजेला नोकरी, लग्न, घर, सगळं क्रमाने झालं. २०१० साली आम्ही दोघं जाऊन ते घर पाहून आलो. फोटो तुम्ही पाहिलेत, मीच दाखवले होते. २०१५ मध्ये त्यांचं लग्न मोडलं. घर विकावं लागलं, दोघांचं कर्ज फिटलं आणि हातात थोडं उरलं. घटस्फोटाचं मी आपल्यातल्या दोघा-तिघांना सांगितलं. बाकीच्यांना सांगायचो, "मोठं घर सोडलं, आता फ्लॅटमध्ये आहे." मला स्वतःलाही तेवढंच माहीत होतं.

जानेवारी २०१९ मध्ये मी एकटा त्याच्याकडे निघालो. हिच्या गुडघ्यांना वीस तासांचा प्रवास झेपणारा नव्हता. बॅग भरताना हिने एक गोधडी घडी करून वर ठेवली. मी म्हटलं, "अगं, तेवीस किलोची मर्यादा आहे, आणि तिकडे घरं गरम असतात." ही म्हणाली, "राहू द्या, लागेल." नवरा-बायकोत अशा वेळी जे होतं तेच झालं. लाडवाचा डबा हलका झाला, गोधडी राहिली.

विमानात तेव्हा कस्टम्सचा फॉर्म भरायचा असायचा, त्यात अमेरिकेतल्या मुक्कामाचा पत्ता लिहावा लागायचा. मुलाने आधीच फोनवर सांगून ठेवला होता. गाव सू फॉल्स, राज्य साउथ डाकोटा, आणि नावापुढे चार आकडी नंबर. माझं तिकीट होतं ॲरिझोनातल्या फिनिक्सचं. ही दोन गावं एकमेकांपासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहेत. बँकेतल्या माणसाला केवायसीची खोड जात नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, तो टपालाचा पत्ता आहे. कामासाठी मी सध्या ॲरिझोनात असतो."

फिनिक्सला एका छोट्या जुन्या मोटारीतून तो मला घ्यायला आला. दोन तास पश्चिमेकडे गाडी चालवली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळवंट. पण आपल्याला सिनेमात दिसतं तसं वाळूचं नाही, दगडगोट्यांचं. मधेच माणसासारखे हात वर करून उभे असलेले मोठे निवडुंग. क्वार्टसाइट नावाचं गाव आलं. गाव ओलांडून तो कच्च्या रस्त्याला लागला आणि एका पांढऱ्या चोवीस फुटी गाडीपाशी थांबला. पुढे ट्रकसारखी केबिन, मागे डबा. शेजारी घडीच्या दोन खुर्च्या. मी विचारलं, "हे कोणाचं? आणि तुझं घर अजून किती लांब?"

तो म्हणाला, "बाबा, हेच."

मी त्या खुर्चीवर बसलो. बराच वेळ बसून होतो. तो आत जाऊन चहा टाकत होता. बॅग उघडल्यावर गोधडी दिसली, आणि लख्खकन लक्षात आलं, की हिला हे ठाऊक होतं. पुढे कळलं की २०१६ सालापासून ठाऊक होतं. पस्तीस वर्षं मी लोकांच्या कागदपत्रांतली लपवाछपवी पकडत आलो आणि माझ्या स्वयंपाकघरातली मला पकडता आली नाही.

आता तुम्ही विचाराल, असं कुठेही गाडी लावून राहता येतं का? तिकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं केंद्र सरकारचं खातं आहे. त्याच्या ताब्यात जवळजवळ साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत. त्यातल्या पुष्कळ जागी तुम्ही फुकट मुक्काम करू शकता. साधारण नियम असा की अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस एका ठिकाणी, मग दुसरीकडे हलायचं. मुलगा तेव्हा डोम रॉक नावाच्या अशाच फुकट भागात होता. तिथे नळ नाही, वीज नाही, गटार नाही. मोकळी जमीन आणि आकाश. याशिवाय ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात याच खात्याचे हिवाळी तळ आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे राहायचा परवाना तेव्हा एकशे ऐंशी डॉलरला मिळायचा. त्या वेळच्या दराने साडेबारा-पावणेतेरा हजार रुपये, म्हणजे महिना अठराशे. आपल्या पार्किंगमध्ये दुसरी गाडी लावायला यापेक्षा थोडंच कमी पडतं.

क्वार्टसाइटची कायमची वस्ती दोन-अडीच हजारांची. हिवाळ्यात थंड राज्यांतली म्हातारी माणसं लाखांनी येऊन त्याच्या आसपास पसरतात. गावाच्या स्मशानात दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्यावर उंटाची आकृती. १८५६ च्या सुमाराला अमेरिकन सैन्याने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'हाय जॉली' झालं. तेच नाव थडग्यावर आहे. मुलाच्या आडनावाचं तिकडे काय झालंय ते ऐकलं असल्यामुळे मला या हाजी अलीबद्दल फार आपुलकी वाटली.

आता पाण्याकडे येतो.

गाडीखाली तीन टाक्या असतात. पहिली चांगल्या पाण्याची, चाळीस गॅलन म्हणजे दीडशे लिटर. दुसरी सांडपाण्याची, म्हणजे मोरी आणि सिंकचं पाणी, सव्वाशे लिटरच्या जरा आत. तिसरी संडासची, एकशे तेरा लिटर. भिंतीवर एक पट्टी असते, बटण दाबलं की दिवे लागतात: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. बस, एवढीच माहिती. आपल्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे हे बघायला वॉचमनला वर पाठवावं लागतं. इथे झोपण्याआधी सगळ्यांनी दिवे बघायचे.

पहिल्या सकाळी मी घरच्यासारखा शॉवरखाली उभा राहिलो. पंप घुर्र करत होता. प्रवासाचा शीण होता, गरम पाणी छान वाटत होतं. सात-आठ मिनिटांनी बाहेर आलो तर मुलगा पट्टीसमोर उभा. काही बोलला नाही. मीच विचारलं, "किती गेलं?" म्हणाला, "चाळीसेक लिटर." आणि मग हळूच, "बाबा, तेवढं खालच्या टाकीत वाढलंय."

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं चालायला लागलं. ही तर दुहेरी नोंद आहे! चांगल्या टाकीतून जे खर्ची पडलं ते सांडपाण्याच्या नाहीतर संडासच्या टाकीत जमा झालंच पाहिजे. पिण्यात गेलेलं तेवढं वेगळं, आणि तेही शेवटी कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. घरात नळ सोडला की पाणी 'जातं' असं आपण म्हणतो. तिथे पाणी जात नाही, ते पायाखाली साठतं आणि ते तुम्हाला हाताने नेऊन टाकायचं असतं. मी त्याच दिवशी त्याच्याकडून एक वही मागून घेतली आणि खातं उघडलं.

आपल्याकडे शहरातल्या माणसाला दिवसाला एकशे पस्तीस लिटर पाणी हवं असा सरकारी निकष आहे. दोन माणसं म्हणजे दोनशे सत्तर. त्या हिशोबाने मुलाची अख्खी टाकी तेरा-चौदा तासांत संपायला हवी. आम्ही ती आठ दिवस पुरवली. माणशी नऊ लिटर आणि काही थेंब.

कसं? तो करायचा ते असं: अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण लावायचा, पुन्हा पाणी. गरम पाणी नळाला येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते पातेल्यात धरायचं आणि त्यात भांडी विसळायची. ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने धुवायची. मी त्याला म्हटलं, "तुझी पणजी हेच करायची, फक्त तिच्याकडे कागदाऐवजी राख होती." वाड्यात आठ बिऱ्हाडं, चौकात एक नळ, दिवसातून दोनदा पाणी. आजी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची, भाजी धुतलेल्या पाण्याने मोरीचा पहिला हात व्हायचा. मी गावातल्या दुकानातून एक बादली आणली. तांब्या मिळाला नाही, दांड्याचं पातेलं घेतलं. शॉवर बंद. सहा लिटरमध्ये माझी आंघोळ होऊ लागली, त्याची शॉवरने आठमध्ये व्हायची. चौथ्या दिवशी तोही बादलीवर आला. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दाखवला नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. तिकडचा संडास पायाने पेडल दाबून उघडायचा असतो, पाणी अगदी थोडं लागतं, कारण ते लोक कागद वापरतात. आपल्या सवयीला मग लागतो. मला वाटलं यावरून बापलेकांत वाद होणार. तर त्याने एक प्लॅस्टिकची चोचीची बाटली दाखवली. म्हणाला, "मी तरी कुठे बदललोय." शिवाय त्या टाकीत पाणी थोडं जास्त असलेलं बरं असतं. नुसता घट्ट मजकूर साठला तर तो बाहेर निघत नाही. म्हणूनच तिची झडप कधी उघडी ठेवायची नाही, बऱ्यापैकी भरली की एकदम सोडायची.

विजेचं आता थोडक्यात. छतावर तीनशे वॉटची सोलर पॅनल्स, खाली दोन मोठ्या बॅटऱ्या. हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशी त्यातून जेमतेम एक युनिट हाती यायचं. एक युनिट, मंडळी! आपल्यातल्या काहींचा गीझरच रोज त्याहून जास्त खातो. दिवे, पंप, त्याचा लॅपटॉप, फोन एवढं त्यात भागायचं. फ्रीज गॅसवर चालतो, ही गंमत मी पहिल्यांदाच पाहिली. आत छोटी ज्योत जळते आणि आत गारवा होतो. पण त्यासाठी गाडी सपाट उभी हवी. म्हणून प्रत्येक मुक्कामाला तो चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून गवंड्यासारखी लेव्हल लावायचा. गॅस गळला तर कळावं म्हणून जमिनीलगत एक यंत्र असतं, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो.

रात्री वाळवंटात तापमान तीन-चार अंशांवर यायचं. हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. दुसऱ्या रात्री मला थंडी वाजली म्हणून मी गुपचूप काटा वर केला. पहाटे चारला ते जमिनीलगतचं यंत्र केविलवाणं ओरडायला लागलं. गॅस गळला नव्हता, बॅटरी उतरली होती. पंख्याने रात्रभरात अर्ध्याहून जास्त वीज खाल्ली होती. मुलगा उठला, हीटर बंद केला आणि म्हणाला, "आईने काही दिलं नाही का बरोबर?" त्या रात्रीपासून गोधडी.

त्याच पहाटे अंधारात आम्ही बोललो. दोघंही पडल्या पडल्या, एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून जमलं. मी विचारलं, "आईला सांगितलंस, मला का नाही?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पैसे पाठवले असते आणि मग वर्षभर बोलला नसता." मी म्हटलं, "असं काही नाही." पण ते तसंच होतं. माझ्या डोक्यात तेव्हाही वीस लाखांची एफडी मोडायचा हिशोब चालू होता आणि तो मी बोलून दाखवला. त्याने सांगितलं, की घर गेल्यावर एका बेडरूमच्या फ्लॅटला महिना अडीच हजार डॉलर भाडं होतं. पगारातलं बाकी सगळं वकिलाला आणि जुन्या देण्यांना जायचं. "मी घरभाडं भरण्यासाठी त्या घरापासून बारा-बारा तास लांब राहत होतो." मग त्याने सेकंडहँड गाडी घेतली, अठ्ठावीस हजार डॉलरला, रोख.

दिवस उजाडल्यावर त्याने लॅपटॉपवर अडीच वर्षांचा जमाखर्च उघडून माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावला. पेट्रोल, विमा, गॅस, इंटरनेट, आरोग्यविमा, किराणा, महिना सरासरी चौदाशे डॉलर. एका महिन्यात इंजिनच्या दुरुस्तीला तीन हजार चारशे, तो आकडा लाल रंगात. कर्ज: शून्य. मी दोनदा वरपासून खालपर्यंत बेरीज केली. इतक्या वर्षांत मी ज्यांची कर्जं मंजूर केली त्यांच्यातल्या कोणाचा ताळेबंद इतका स्वच्छ पाहिला नव्हता, माझा स्वतःचाही नाही. पण फुकट राहणं फुकट नसतं, हेही त्याच कागदावर दिसत होतं.

पत्त्याचा उलगडाही तेव्हा झाला. साउथ डाकोटात एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या एखाद्या कंपनीचा पत्ता असला की तिथलं लायसन्स मिळतं. अशा फिरत्या लोकांची त्यामुळे सोय होते, शिवाय त्या राज्याला आयकर नाही. मी म्हटलं, "आमच्या बँकेत तुझं खातं उघडलं नसतं मी." तो म्हणाला, "माहितीये."

बाराव्या दिवशी तो तापाने फणफणला. आम्ही तोवर परवान्याच्या तळावर, ला पोसाला, हललो होतो. अंगात एकशे तीन ताप, उठवेना, आणि पट्टीवर संडासच्या टाकीचा शेवटचा दिवा लागलेला. मला ती गाडी चालवता येत नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली. मी नसतो तर याला कोण होतं?

शेजारी एका जुन्या व्हॅनमध्ये एक बाई राहायच्या. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. पेन्शन घरभाड्याला पुरेना म्हणून घर सोडलेलं. उन्हाळ्यात त्या एका कॅम्पिंगच्या मैदानावर व्यवस्था बघायच्या, त्या बदल्यात जागा, वीज, पाणी मोफत. मुलाने हौसेने नाही तरी विचाराने हे आयुष्य निवडलं होतं. त्यांना निवडायला फारसं काही उरलेलं नव्हतं, आणि हा फरक त्या स्वतःच सांगायच्या, कुरकुर न करता. त्यांना दोन दिवसांपासून मुलगा बाहेर दिसला नव्हता, म्हणून त्या सूप घेऊन आल्या. पट्टी पाहिली. मला म्हणाल्या, हातमोजे कुठे आहेत? आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या.

तळावरच रिकामं करायची जागा होती. त्यांनी चोवीस फुटी गाडी एका हिसक्यात भोकाशी नेमकी लावली. पुढचं काम मी केलं, त्या फक्त सांगत होत्या. तीन इंची घडीची नळी जोडायची, आधी संडासची झडप ओढायची, ती पूर्ण रिकामी झाली की मगच सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. क्रम चुकला तर शिक्षा तुमची तुम्हालाच. बँकेचा निवृत्त अधिकारी, ब्राह्मणाचा मुलगा, हातात रबरी मोजे घालून उकिडवा बसलेला, आणि त्या पाईपमधून आमचा बारा दिवसांचा हिशोब घरंगळत चाललेला. माझ्या घरातली घाण आजवर कोणीतरी दुसऱ्याने काढली होती. वाड्यात काढणारा माणूस मागच्या दाराने यायचा आणि आजी त्याला वरून पाणी घालायची. त्याचं नाव आम्हा मुलांना कधी कोणी सांगितलं नाही. मला ते तिथे आठवलं. हात तीन वेळा धुतले, तेवढं पाणी त्या दिवशी वहीत धरलं नाही.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. मी मऊ भात केला, मेतकूट बरोबर नेलं होतं. एकवीस दिवस राहून मी परत आलो.

परत आल्यावर त्याच मे महिन्यात आपल्याकडे रोज टँकर लागायला लागले. मी वही काढली. पंपवाल्याला बरोबर घेऊन पंधरा दिवस टाक्यांच्या नोंदी ठेवल्या. अठ्ठेचाळीस फ्लॅट, एकशे अडुसष्ट माणसं. एकशे पस्तीसच्या निकषानेसुद्धा तेवीस हजार लिटरच्या आत भागायला हवं होतं. खर्च होता चाळीस हजार. वरचे सतरा हजार कुठल्या खात्यात जमा होतात ते शोधलं, तर बी-विंगच्या टाकीचा फ्लोट अडकून पहाटे तास-तासभर पाणी गच्चीवरून वाहत होतं, आणि चार फ्लॅटचे फ्लश अखंड गळत होते. त्यातला एक माझा. तेव्हा तुम्ही मला शाबासकी दिलीत, शाल दिलीत. काकांना हे सुचलं कसं, असं विचारलंत. मी म्हटलं, बँकेतली सवय.

खरं सांगायचे प्रसंग मला मिळाले नव्हते असं नाही. 'नोमॅडलँड' नावाचं इंग्रजी पुस्तक २०१७ साली आलं, पुढे त्यावर सिनेमा झाला आणि २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याचं काही चित्रण क्वार्टसाइटच्या परिसरातलंच आहे. आपल्या कट्ट्यावर त्याची चर्चा निघाली. एक जण म्हणाले, "अमेरिकेत गाडीत राहणारे भिकारी असतात, बघा." मला कोणी विचारलं, "तुमचा मुलगा सॅन होजेलाच ना अजून?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट आहे. २०१४ च्या वार्षिक सभेत आपण ठराव केला, की एकट्या, कुटुंब बरोबर नसलेल्या माणसाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. सूचक दुसरे होते, ते आज हयात नाहीत. अनुमोदक मी. मिनिट बुकात माझी सही आहे. मागच्या वर्षी सी-विंगमध्ये एका नर्सिंगच्या मुलीचा अर्ज त्याच ठरावावर फेटाळला. अर्जात कायमचा पत्ता लिहायच्या रकान्यात तिने रेघ मारली होती. कमिटीच्या मीटिंगला सल्लागार म्हणून मी हजर होतो. मी ती रेघ पाहिली आणि काही बोललो नाही. माझा मुलगा एकोणपन्नास वर्षांचा आहे, एकटा आहे, अंगावर एक पैसा कर्ज नाही. उद्या त्याने इथे जागा मागितली तर आपण त्याला देणार नाही.

तो ठराव येत्या सभेत पुन्हा चर्चेला घ्यावा, असं पत्र मी परवा सेक्रेटरीसाहेबांना दिलं आहे. त्यांनी पोच दिली आहे. विरोध होईल, मला ठाऊक आहे, कारण २०१४ ला सगळ्यात मोठ्याने मीच बोललो होतो. माझेच मुद्दे माझ्या तोंडावर फेका, हरकत नाही.

मुलगा डिसेंबरात येतोय, दहा वर्षांनी. गाडी अर्थात तिकडेच ठेवून. फोनवर विचारत होता, "बाबा, पार्किंगमध्ये झोपलो तर कमिटीची परवानगी लागेल का?" मी म्हटलं, पाहुण्यांसाठी तशी तरतूद नाही. आता तुम्हा सगळ्यांना माहीत झालंय, तेव्हा भेटाल तेव्हा त्याला सरळ विचारा. तो सांगेल, फार बोलतो त्या टाक्यांवर. फक्त घर कधी घेणार, हे पहिल्याच भेटीत विचारू नका. ते मी अजून विचारतोच, दर रविवारी.

पाण्याची वही माझ्याकडे आहे, ए-विंग, दुसरा मजला. ज्यांना आपल्या विंगचे आकडे बघायचे असतील त्यांनी सकाळी साडेसहाच्या आधी यावं. साडेसहाला पाणी येतं, मग मी गच्चीवर असतो.